व्हॅन डर वाल्स: दोन आकड्यांत वायू पकडणारे शाळामास्तर

मे महिन्यात नगरला पारा ४० पर्यंत चढतो, तेव्हा पेट्रोल पंपावर उन्हात टांगलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या अग्निशामक सिलिंडरमध्ये द्रव उरतच नाही. ३१ अंशांच्या वर हा वायू कितीही दाबा, द्रव होत नाही. स्वयंपाकाचा गॅस, म्हणजे प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण, त्याच उन्हात आरामात द्रव राहतो. असं का, हे रेणूंवरून समजावणारे योहानेस व्हॅन डर वाल्स एका सुताराचे पोर.

जन्म १८३७, नेदरलँड्समधलं लायडन. दहा भावंडांत थोरले. आधी प्राथमिक शिक्षक झाले. लायडनच्या विद्यापीठात तासांना बसता यायचं, पण लॅटिन-ग्रीक शिकलेले नसल्यामुळे परीक्षा बंद! (भौतिकशास्त्राला ग्रीक कशाला, देव जाणे.) पुढे नियम सैल झाला आणि १८७३ मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी, त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

कॉलेजात शिकलेलं आदर्श वायूचं समीकरण आठवा. त्यात रेणू म्हणजे नुसते ठिपके, एकमेकांशी देणंघेणं नाही. व्हॅन डर वाल्स यांनी दोनच दुरुस्त्या केल्या. रेणू जागा अडवतात, त्यासाठी 'बी'. ते एकमेकांना ओढतात, त्यामुळे भिंतीवरचा दाब कमी पडतो, त्यासाठी 'ए'. बस्स. एकच समीकरण वायूलाही चाललं आणि द्रवालाही. जागेच्या मानाने ओढ जास्त असेल तर द्रव जास्त तापमानापर्यंत टिकतो: प्रोपेन सुमारे ९७ अंशांपर्यंत, ब्युटेन १५२. तेव्हा रेणू खरंच असतात का, यावरच वाद चालू होता, हे विसरू नका. मला यातलं धाडस गणितापेक्षा मोठं वाटतं.

१८७७ मध्ये ते ॲमस्टरडॅमला प्राध्यापक झाले. १८८१ मध्ये पत्नी ॲना क्षयाने गेल्या, अवघ्या ३४ व्या वर्षी. मागे चार मुलं. त्यानंतर जवळपास दहा वर्षं त्यांनी काहीच छापलं नाही.

परतले ते १८९० मध्ये, मिश्रणांचा सिद्धांत घेऊन. दोन पदार्थ मिसळले की तिसरी ओढ येते, वेगळ्या जातीच्या रेणूंमधली, आणि सगळी गंमत तिथेच असते. प्रवरानगरच्या डिस्टिलरीतलं इथेनॉल आणि पाणी घ्या. नुसत्या उकळण्याने वजनाने ९५.६ टक्क्यांच्या पुढे ते वेगळे होत नाहीत. पेट्रोलमध्ये मिसळायचं तर उरलेलं पाणी दुसऱ्या पद्धतीने काढावं लागतं. इथे हायड्रोजन बंध असल्याने मूळ समीकरण अपुरं पडतं. तरी आजच्या केमिकल सॉफ्टवेअरमधली कितीतरी मॉडेल्स त्याचीच नातवंडं आहेत.

त्यांच्याच सिद्धांताच्या आधारावर १९०८ मध्ये कामरलिंग ओनेस यांनी हेलियमचा द्रव केला. १९१० चं नोबेल व्हॅन डर वाल्स यांना मिळालं, तेव्हा ते ७३ वर्षांचे होते. १९२३ मध्ये ते वारले.