लेकराच्या बुद्धीचा आकडा काढणारा माणूस : आल्फ्रेड बिने यांची कहाणी

कुंभार पिंपळगाव (ता. घनसावंगी) : लेकरू शाळेत मागं पडतं. तिसरीत गेलं तरी अक्षर लागत नाही, बेरीज जमत नाही. कुणीतरी सांगतं, म्हणून आई-बाप कामाचा खाडा करून त्याला जालन्याला दवाखान्यात घेऊन जातात. दिव्यांग प्रमाणपत्र काढायचं असतं. तिथं मानसशास्त्राचे जाणकार लेकराला समोर बसवून साधे साधे प्रश्न विचारतात. नाक कुठंय दाखव. हे पैसे मोज. मी म्हणतो ते आकडे माझ्यामागं म्हण. शेवटी कागदावर एक आकडा पडतो. त्याला म्हणतात बुद्ध्यांक, म्हणजेच आयक्यू.

घरी आल्यावर त्या आकड्याचा अर्थ कुणी सांगत नाही. गाव मात्र लगेच नाव ठेवून मोकळं होतं. ज्या माणसानं असे प्रश्न पहिल्यांदा नीट मांडले, त्याला नेमकी याचीच भीती होती. त्यांचं नाव आल्फ्रेड बिने. १८ ऑक्टोबर हा त्यांचा स्मृतिदिन.

वकिलीची पदवी, पण ओढा माणसाच्या मनाकडं

बिने यांचा जन्म १८५७ साली फ्रान्समधल्या नीस या शहरात झाला. वडील डॉक्टर होते, आई चित्रकार. दोघं वेगळे झाले आणि आईनंच मुलाला वाढवलं. पुढं शिक्षण पॅरिसला झालं. १८७८ साली त्यांनी कायद्याची पदवी घेतली, पण वकिलीत मन रमलं नाही. पॅरिसच्या मोठ्या ग्रंथालयात बसून ते मानसशास्त्राची पुस्तकं वाचत राहिले. या विषयाची पदवी नाही, शिकवायला गुरू नाही. जे काही शिकले ते स्वतःच्या वाचनातून.

मग पॅरिसच्या साल्पेत्रिएर या प्रसिद्ध रुग्णालयात त्यांना काम मिळालं. तिथले नामांकित डॉक्टर शार्को संमोहनाचे प्रयोग करत. बिने आणि त्यांचे सहकारी फेरे यांनी जाहीर केलं, की संमोहनातल्या रुग्णाजवळ लोहचुंबक नेला की शरीराच्या एका बाजूचा झटका किंवा लुळेपणा दुसऱ्या बाजूला सरकतो. मोठा शोध लागला असं वाटलं. बेल्जियमच्या देलबफ नावाच्या प्राध्यापकांनी तो तपासला. चुंबकाचा काही संबंध नव्हता. डॉक्टरांना काय हवंय हे रुग्णांना आधीच कळत होतं, आणि ते तसंच वागत होते.

बिने आधी भांडले. पण शेवटी त्यांना चूक कबूल करावी लागली. हा फटका ते जन्मभर विसरले नाहीत. तपासणाऱ्याच्या मनात जे असतं तेच समोरच्या माणसात दिसू लागतं, हा धडा पुढं लेकरांच्या चाचणीत त्यांच्या कामी आला.

दोन लेकी, दोन तऱ्हा

रुग्णालय सुटलं. घरात मादलेन आणि आलिस या दोन लहान लेकी होत्या. बिने त्यांच्याकडंच बारकाईनं बघू लागले. मादलेन चालायला शिकली ती जपून. आधार धरायची, पुढं कुठं जायचं ते बघायची, मगच पाऊल टाकायची. आलिस मात्र पडायची पर्वा न करता धडपडत सुटायची. आई-बाप तेच, घर तेच, पण दोघींची रीत वेगळी. एका घरातल्या दोन लेकी सारख्या नसतात, तर सगळ्या गावची लेकरं एकाच मापानं कशी मोजायची, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात बसला.

प्राध्यापकाची खुर्ची कधीच मिळाली नाही

१८९१ साली रेल्वेच्या फलाटावर त्यांची गाठ बोनी या शास्त्रज्ञांशी पडली. बोनी सोरबोन विद्यापीठातल्या मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते. बिने यांनी तिथं बिनपगारी काम मागितलं आणि ते मिळालं. १८९४ साली ते त्याच प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. त्याच वर्षी किड्यांच्या मज्जासंस्थेवर अभ्यास करून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पुढच्या वर्षी मानसशास्त्राचं वार्षिक नियतकालिक सुरू केलं. ते आजही निघतं.

पण विद्यापीठातली कायमची प्राध्यापकी त्यांना फ्रान्समध्ये कधीच मिळाली नाही. प्रयत्न केले, पण जागा दुसऱ्यांना गेल्या. रुमानियात बोलावणं आलं होतं, ते त्यांनी स्वीकारलं नाही.

या काळात त्यांनी डोळ्यावर पट्टी बांधून बुद्धिबळ खेळणारे तपासले. तोंडी मोठमोठे हिशेब करणारे तपासले. शाळेतल्या पोरांची डोकीही मोजली. मोठं डोकं म्हणजे जास्त हुशारी, असं तेव्हा भलेभले मानत. बिने यांना हुशार आणि मागं पडलेल्या पोरांच्या डोक्यात कामाचा फरक सापडला नाही. पुन्हा चूक नको म्हणून त्यांनी तो नाद सोडला.

सरकारी समिती आणि ३० प्रश्न

फ्रान्समध्ये १८८२ पासून शिक्षण सक्तीचं झालं होतं. सगळ्या घरची लेकरं शाळेत आली आणि काही मागं राहू लागली. त्यांना वेगळं शिकवायचं ठरलं. पण निवडायचं कसं? एकच लेकरू तीन डॉक्टरांकडं नेलं तर तिघं तीन नावं ठेवत. गुरुजींना नको असलेलं दंगेखोर पोरगंही मंद ठरायचा धोका होता.

१९०४ साली सरकारनं समिती नेमली. बिने तिच्यात होते. तरुण डॉक्टर तेओदोर सिमों यांना सोबत घेऊन त्यांनी १९०५ साली ३० प्रश्नांची चाचणी तयार केली. सगळ्यात सोपं काम म्हणजे पेटत्या काडीमागं नजर फिरवणं. मग चित्रातल्या वस्तू ओळखणं, आकडे ऐकून परत म्हणणं, दोन वजनांतलं जड कोणतं ते सांगणं. पाठांतरावर भर नव्हता. रोजच्या जगण्यातली समज बघायची होती.

१९०८ साली त्यांनी प्रश्न वयानुसार लावले. आठ वर्षांचं लेकरू सहा वर्षांच्या लेकराइतकेच प्रश्न सोडवत असेल, तर त्याची समज सहा वर्षांच्या पातळीवर धरायची. एवढाच साधा हिशेब. १९११ साली आणखी सुधारणा केली.

पण बिने चाचणीवर थांबले नाहीत. बुद्धी जन्माला येतानाच ठरते आणि पुढं वाढत नाही, हे मत त्यांना मान्य नव्हतं. १९०९ च्या पुस्तकात त्यांनी त्यावर कडक टीका केली. मागं पडलेल्या पोरांसाठी मनाची कसरत सुचवली. सगळ्यांनी पुतळ्यासारखं स्तब्ध उभं राहायचं. फळ्यावरच्या वस्तू क्षणभर बघून आठवून सांगायच्या. आधी लक्ष द्यायला शिकवा, अभ्यास त्यानंतर, हा त्यामागचा विचार.

१८ ऑक्टोबर १९११ रोजी वयाच्या ५४ व्या वर्षी ते गेले.

माघारी काय झालं

चाचणी अमेरिकेत पोचली होतीच. १९१२ साली जर्मनीच्या श्टेर्न यांनी समजेचं वय भागिले खरं वय असा हिशेब काढला. १९१६ साली अमेरिकेतल्या टर्मन यांनी त्याला शंभरनं गुणून आयक्यू रूढ केला. मदत कुणाला द्यायची ते शोधायला केलेली चाचणी आता माणसाची किंमत ठरवू लागली. बाहेरून आलेल्या गरिबांना बंदरावरच प्रश्न विचारून कमी बुद्धीचे ठरवलं गेलं.

व्हर्जिनिया राज्यातल्या कॅरी बक या तरुणीला अशीच मंद ठरवून १९२७ साली कोर्टाच्या परवानगीनं तिची सक्तीनं नसबंदी केली गेली. शाळेत तिची प्रगती व्यवस्थित होती, हे नंतर कागदपत्रांतून पुढं आलं. तोवर तिचं आयुष्य होऊन गेलं होतं.

चाचणी मराठीत आली

आपल्याकडं हे काम डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी केलं. पॅरिसच्या किंवा अमेरिकेच्या लेकराला ओळखीची वस्तू इथल्या लेकरानं बघितलेलीच नसेल, तर त्याचा दोष काय? म्हणून कामत यांनी तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या धारवाडमध्ये मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांवर चाचणी घेतली आणि प्रश्न इथल्या मुलांसाठी बसवले. त्यांचं पुस्तक १९४० साली आलं. बिने-कामत चाचणी या नावानं ती ओळखली जाते. पुढं नागपूरच्या डॉ. आर्थर मालिन यांनीही भारतीय मुलांसाठी वेगळी चाचणी बसवली. म्हणजे धारवाड आणि नागपूर या दोन्ही गावांचा या कामात मोठा वाटा आहे.

आपल्या लेकरासाठी यात काय आहे

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या अक्षमता धरल्या आहेत. बौद्धिक अक्षमता आणि वाचन-लेखनातली अडचण, म्हणजे अध्ययन अक्षमता, हे त्यातले दोन वेगळे प्रकार आहेत. अध्ययन अक्षमता असलेलं लेकरू बुद्धीनं चांगलं तल्लख असू शकतं. तपासणीशिवाय हा फरक कळत नाही. म्हणून तपासणीला लाजू नये. त्यातूनच परीक्षेत जादा वेळ, सवलती, योजना मिळायची वाट निघते.

पण दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. मराठवाड्यातून दरवर्षी हजारो कुटुंबं ऊसतोडीला जातात. निम्मं वर्ष फडावर काढलेल्या लेकराची शाळा बुडते. कुणाला कमी ऐकू येतं, कुणाला फळा दिसत नाही, कुणी अनोळखी माणसासमोर बोलतच नाही. अशा लेकरांचा आकडा कमी येऊ शकतो. तपासणाऱ्यांना ही सगळी हकिगत आई-बापांनी आपण होऊन सांगावी. घरात कोणती भाषा बोलतात, शाळा किती बुडाली, लेकरू घरी कोणती कामं करतं, हे सांगावं. कान आणि डोळे आधी तपासून घ्यावेत. आकड्याचा अर्थ विचारावा. पुढं काय करायचं, कसं शिकवायचं, पुन्हा कधी तपासायचं, हेही विचारावं.

पॅरिसच्या त्या माणसानं आकडा काढला तो लेकराला हात देण्यासाठी. दवाखान्यातून कागद घेऊन गावाकडं येणाऱ्या आई-बापांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. कागदावरचा आकडा त्या दिवसाचा असतो. लेकरू त्यानंतरही वाढत राहतं.