धारवाडात शिकले, नैरोबीत मारले गेले: पियो गामा पिंटो

हडफड्याच्या सेंट जोसेफ हायस्कुलातून मॅट्रिक, मग धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात दोन वर्षं सायन्स. एवढं ऐकून कुणालाही वाटेल, हे आपल्याच भागातले. पण पियो गामा पिंटो यांचा जन्म नैरोबीचा, १९२७ सालचा. आईवडील मूळ गोव्याचे. पोराला आठव्या वर्षी त्यांनी शिकायला इकडे धाडलं.

पुढे मुंबईत पोस्टात नोकरी करताना ते संपात उतरले, गोवामुक्तीच्या कामातही पडले. पोर्तुगीज आपल्याला धरून तराफालच्या छळछावणीत टाकणार हे दिसल्यावर ते केनियाला परतले.

तिथे इंग्रजांचं राज्य. सुपीक डोंगरपट्टा गोऱ्यांकडे आणि किकुयू शेतकरी त्यांच्याच मळ्यांवर मजूर. माऊ माऊचा उठाव पेटला तेव्हा पिंटोंनी बंडखोरांना मदत केली. १९५४ च्या जानेवारीत एमा यांच्याशी लग्न झालं, पाच महिन्यांत अटक. मांडा बेटावरची छावणी, नंतर स्थानबद्धता. सुटले ते १९५९ ला. ते आत असतानाच वडील वारले.

१२ डिसेंबर १९६३ ला केनिया स्वतंत्र झाला, आणि खरा पेच इथूनच सुरू झाला. गोऱ्यांची जमीन वाटायची ठरली, पण फुकट नाही, विकत. जंगलात लढून आलेल्यांकडे पैसा कुठला? सत्तेजवळच्यांनी मात्र मोठमोठे मळे नावावर करून घेतले. अध्यक्ष जोमो केन्याटा स्वतः इंग्रजांच्या तुरुंगात राहून आलेले, पण त्यांच्याच राजवटीत हे घडत होतं. पिंटो १९६४ मध्ये खासदार झाले, तेही केन्याटांच्याच केनू पक्षाचे. पक्ष सोडण्यापेक्षा आत राहून भांडणं त्यांनी पसंत केलं. ओगिंगा ओडिंगा यांच्या डाव्या गटाची बांधणी मुख्यतः त्यांच्याच हातची. सभा गाजवणारा हा माणूस नव्हे, पडद्यामागे राबणारा. सरकारला अडचण झाली असेल तर ती याचीच.

२४ फेब्रुवारी १९६५ ला सकाळी घराच्या फाटकापाशी गाडीतच त्यांना गोळ्या घातल्या. धाकटी मुलगी मागच्या सीटवर होती. वय अवघं ३७. किसिलू मुटुआ या तरुणाला दोषी ठरवलं गेलं. त्याने पस्तीसेक वर्षं तुरुंगात काढली आणि शेवटपर्यंत आपण खून केला नाही असंच सांगितलं. सुपारी कुणाची, ते कधीच उजेडात आलं नाही.

ओडिंगा १९६६ ला उपाध्यक्षपद सोडून बाहेर पडले. त्यांच्या नव्या पक्षावर १९६९ मध्ये बंदी आली. तोवर एमा तीन मुलींना घेऊन कॅनडाला निघून गेल्या होत्या.