शांततेच्या पंधरा वर्षांची राणी

चैत्र पौर्णिमा जवळ आली की चंद्रपुरात झरपट नदीच्या काठी माणसांचे लोंढे येऊ लागतात. नांदेड, परभणी, लातूर या मराठवाड्यातील जिल्ह्यांतून आणि शेजारच्या तेलंगणातून भाविकांचे जथे येतात. नदीत स्नान करून, देवीची गाणी म्हणत ते महाकालीच्या दर्शनाला जातात. वैदर्भीय उन्हाची तीव्रता ऐन भरात असते. तरीही गर्दी ओसरत नाही. या गर्दीतील अनेकांना देवीचा महिमा तोंडपाठ असतो. मात्र ज्या स्त्रीने हे मंदिर बांधले, तिचे नाव त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. ती स्त्री म्हणजे चांद्याच्या गोंड राजवंशाची राणी हिराई.

गोंडवनाच्या इतिहासात राणी म्हटले की प्रथम आठवते ती गढा-मंडल्याची दुर्गावती. मोगलांशी लढताना १५६४ मध्ये तिने रणांगणावर प्राण दिले आणि ती अजरामर झाली. हिराईच्या चरित्रात असे रणांगण नाही. तिची कीर्ती उभी आहे ती दगड-चुन्याच्या बांधकामांवर आणि त्या बांधकामांना लागणाऱ्या शांततेवर. तलवारीने मिळवलेले यश लवकर डोळ्यांत भरते. राखलेली शांतता मात्र इतिहासाच्या पानांत सहसा एका ओळीची धनी होते. हिराईच्या वाट्याला तेच आले.

हिराई ज्या राज्याची राणी झाली, ते राज्य लहान नव्हते. वर्धा, वैनगंगा आणि प्राणहिता या नद्यांच्या खोऱ्यांतील घनदाट अरण्यावर चांद्याच्या गोंड राजांची सत्ता होती. आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील वैरागडही याच मुलखात येतो. तेथील हिऱ्यांच्या खाणीची नोंद अकबराच्या दरबारातील अबुल फजलने घेतली होती. खांडक्या बल्लाळशहाने बल्लारपूर सोडून चांदा ही नवी राजधानी वसवली आणि नगराभोवती परकोटाची आखणी केली. पुढच्या राजांनी तो पूर्ण केला. जो तळे बांधील त्याला त्या तळ्याखालची जमीन देण्याची या राजांची रीत होती. त्यामुळे जंगल तुटून शेते झाली आणि गावोगावी पाणी साठले. बांधकाम हा या घराण्याचा जणू कुलधर्मच होता.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र या राज्यावर संकटांचे सावट आले. १६६७ मध्ये औरंगजेबाचा सरदार दिलेरखान चांद्यावर चालून आला आणि राज्याला जबर खंडणी द्यावी लागली. त्यानंतर चांद्याच्या गादीवर कोणी बसायचे, यातही मोगल दरबार लक्ष घालू लागला. अशा काळात, १६९६ च्या सुमारास, बीरशहा गादीवर आला. शूर, मानी आणि तापट असे त्याचे वर्णन परंपरेने जपले आहे. हिराई ही या बीरशहाची राणी.

बीरशहाच्या आयुष्यातील सर्वांत गाजलेला प्रसंग म्हणजे देवगडवरील स्वारी. चांद्याप्रमाणेच देवगड हेही गोंडांचे राज्य. बीरशहाची मुलगी देवगडच्या घराण्यातील दुर्गशहाला दिली होती. सासरी तिचा अपमान झाला आणि ही वार्ता चांद्याला पोहोचली. संतापलेल्या बीरशहाने जावयाचे मस्तक महाकालीच्या चरणी वाहण्याची शपथ घेतली, असे आख्यायिका सांगते. युद्ध झाले, देवगडची फौज हरली आणि शपथ पुरी झाली. कथेतील चमत्कारांचा भाग बाजूला ठेवला, तरी दोन गोंड राज्यांनी एकमेकांचे रक्त सांडले, हे त्यामागचे कटू सत्य उरतेच. मोगल आणि मराठे या दोन मोठ्या सत्ता दाराशी उभ्या असताना सोयऱ्यांमधील हे वैर दोघांनाही परवडणारे नव्हते.

देवीचा नवस असा फेडला गेला. परंतु तिचे स्थान लहानसेच राहिले. झरपटेच्या काठी भुयारात सापडलेल्या मूर्तीवर खांडक्या बल्लाळशहाने छोटे देऊळ बांधले होते, असे परंपरा मानते. त्या जागी भव्य मंदिर उभारण्याइतका काळ बीरशहाला मिळालाच नाही. दुसऱ्या विवाहाच्या प्रसंगी हिरामण नावाच्या एका रजपुताने त्याची हत्या केली. हे साल १७०४ मानले जाते. युद्धातून सुखरूप परतलेला राजा अशा रीतीने मंगलप्रसंगी आपल्याच माणसाच्या हातून मारला गेला.

हिराईपुढचा प्रश्न बिकट होता. बीरशहाला मुलगा नव्हता. गादी मोकळी राहिली असती तर भाऊबंदांमध्ये कलह माजला असता आणि कलह माजला असता तर बाहेरच्यांना आत यायला आयतीच वाट मिळाली असती. हिराईने राजघराण्याच्या चंदनखेडा येथील शाखेतून रामशहा या मुलाला दत्तक घेतले, त्याला गादीवर बसवले आणि तो जाणता होईपर्यंत कारभार स्वतःच्या हाती ठेवला. १७०४ ते १७१९ अशी सुमारे पंधरा वर्षे तिने राज्य चालवले. याच सुमारास महाराष्ट्रात ताराबाई आपल्या अल्पवयीन मुलाच्या नावाने औरंगजेबाशी झुंज देत होती. एकाच काळातील या दोन विधवा राण्या; एकीच्या वाट्याला अखंड युद्ध आले, दुसरीने युद्ध टाळून मिळालेला अवधी कारणी लावला.

परिस्थितीचीही तिला साथ मिळाली. १७०७ मध्ये औरंगजेब मरण पावला आणि मोगल सत्तेचा दाब ओसरू लागला. मराठ्यांचा जोर वाढत होता, पण तो अजून चांद्याच्या वेशीपर्यंत आला नव्हता. दोन वादळांच्या मधला हा उसंतीचा काळ होता. अशा उसंतीत सूड, विस्तार किंवा चैन यांपैकी कशाचाही मोह सत्ताधीशाला पडू शकतो. हिराईच्या कारकिर्दीत मात्र परंपरेला आठवतात ती बांधकामे.

पहिले बांधकाम पतीच्या समाधीचे. चंद्रपुरात अचलेश्वर मंदिरालगत गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांत बीरशहाची समाधी सर्वांत मोठी आणि सर्वांत देखणी आहे. पत्नीसाठी पतीने उभारलेल्या ताजमहालाची कथा जगाला माहीत आहे. पतीसाठी पत्नीने उभारलेली ही वास्तू चंद्रपूरबाहेर फारशी कोणाला माहीत नाही. ज्याचा अंत दुसऱ्या लग्नाच्या मांडवात झाला, त्या पतीची स्मृती तिने एवढ्या निष्ठेने जपावी, यातच तिच्या स्वभावाची उंची दिसते.

दुसरे बांधकाम महाकाली मंदिराचे. नवस पतीचा होता. देवीचे ऋण मात्र राणीने फेडले. दुर्गशहाच्या मस्तकाची दगडी प्रतिकृती या मंदिरावर देवगडकडे तोंड करून बसवण्यात आली, असे सांगितले जाते. म्हणजे मंदिराच्या मुळाशी युद्धाची आठवण आहेच. पण ते उभे राहिले ते युद्ध संपल्यावर. पाथरवट, गवंडी, चुनाभट्ट्या, दगड वाहणारे बैल आणि मजुरांना वेळेवर मिळणारे धान्य यांची जुळणी करायची, तर वाटा सुरक्षित हव्यात, शेते पिकलेली हवीत आणि खजिन्यातील पैसा फौजेकडे वळवावा लागता कामा नये. राज्यात शांतता नसेल तर शिखरापर्यंत दगड चढत नाही. शहरातील एकवीरा देवीचे मंदिरही हिराईच्याच नावाने ओळखले जाते.

जगाच्या इतिहासात याला जोड सापडते ती ज्यू आणि ख्रिस्ती धर्मग्रंथांतील दावीद व शलमोन यांच्या कथेत. यरुशलेमेत देवाचे मंदिर बांधावे, ही दावीद राजाची इच्छा होती. त्यासाठी त्याने सोने, चांदी, लोखंड आणि लाकूडही जमवले. परंतु त्याच्या हातून युद्धांत पुष्कळ रक्त सांडले होते, म्हणून हे काम त्याच्या वाट्याला आले नाही. सीमा शांत झाल्यावर गादीवर आलेल्या त्याच्या मुलाने, शलमोनाने, कारकिर्दीच्या चौथ्या वर्षी पाया घातला आणि सात वर्षांत मंदिर पूर्ण केले. लढणाऱ्याने नवस करावा आणि शांततेच्या वारसाने तो फेडावा, हा क्रम चांद्यातही तसाच दिसतो. शलमोनाच्या बांधकामांसाठी प्रजेवर वेठबिगारीचे ओझे पडले आणि त्या असंतोषातून त्याच्या पश्चात राज्य दुभंगले, हेही त्याच ग्रंथांत नमूद आहे. हिराईच्या पश्चात असे काही घडले नाही. १७१९ मध्ये रामशहाच्या हाती आलेले राज्य एकसंध होते.

रामशहा सात्त्विक राजा म्हणून लोकांच्या स्मरणात राहिला. चंद्रपूरच्या रामाळा तलावाशी त्याचे नाव जोडलेले आहे. नागपूरकर रघुजी भोसले त्याच्या भेटीला आले आणि त्याचे साधुत्व पाहून नतमस्तक झाले, अशी कथा आहे. कथा खरी असो वा नसो, हिराईने वाढवलेला राजा प्रजेला कसा वाटला, याची ती साक्ष आहे.

पुढे मात्र हा धागा तुटला. १७३५ च्या सुमारास रामशहाचा मुलगा निळकंठशहा गादीवर आला. त्याच्या जुलमी वागण्याने जुने कारभारी दुरावले आणि रयत विटली. १७४९ मध्ये रघुजी भोसल्यांनी उत्पन्नाचा मोठा हिस्सा घेतला. १७५१ मध्ये संपूर्ण राज्यच गेले आणि निळकंठशहा बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदेत पडला. भोसल्यांनंतर इंग्रज आले. १८१८ मध्ये त्यांच्या तोफांनी परकोटाला खिंडार पाडले. शत्रूला रोखण्यासाठी बांधलेली भिंत अखेर शत्रूला रोखू शकली नाही. हिराईच्या मंदिराने कोणाला रोखले नाही, आणि तेथे येणारी माणसे आजही थांबलेली नाहीत.

आजचे चंद्रपूर कोळसा खाणींचे, वीज केंद्राचे आणि उन्हाच्या उच्चांकांचे शहर म्हणून ओळखले जाते. परकोटाच्या वेशींतून वाहने धावतात, समाध्यांच्या आवारात तुरळक पर्यटक फिरकतात. गोंडांचे राज्य जाऊन पावणेतीनशे वर्षे होत आली. तरीही चैत्रात दूरच्या गावाहून आलेली एखादी बाई झरपटेत स्नान करून ओलेत्याने पायऱ्या चढते, तेव्हा ती हिराईच्याच अंगणात पाऊल ठेवत असते. पंधरा वर्षांची शांतता एका राणीने कशी वापरली, याचा हिशेब तेथे तीनशे वर्षांनंतरही उघडा आहे.