गाडगेबाबांच्या धर्मशाळा

गाडगेबाबांचे नाव उच्चारताच मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर खराटा उभा राहतो. त्यांच्या जयंतीला शाळाशाळांतून अंगणे झाडली जातात. २००० साली राज्य शासनाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, तेव्हा त्यालाही त्यांचेच नाव देण्यात आले. हा गौरव यथायोग्य आहे. तथापि खराट्याच्या या तेजात त्यांचे दुसरे आणि कदाचित अधिक अवघड असे कार्य काहीसे झाकोळून गेले. निराधार माणसाला रात्रीपुरते तरी हक्काचे छप्पर मिळावे, म्हणून त्यांनी जवळजवळ अर्धशतकभर महाराष्ट्रातील समाजाला कामाला लावले. त्यांच्या नावे रूढ असलेल्या दहा कलमांच्या संदेशात भुकेल्याला अन्न आणि तहानलेल्याला पाणी यांच्या जोडीने बेघराला आसरा हेही कलम आहे, याचे विस्मरण होता कामा नये.

या कलमामागे अनुभव होता. डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. व्यसनापायी वडील अकाली गेले आणि घराची वाताहत झाली. आई सखुबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी आपल्या माहेरच्या आश्रयाला आली. मामाच्या घरी गुरे राखीत आणि नांगर धरीत डेबूजी लहानाचा मोठा झाला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. पुढे सावकारी कर्जाच्या विळख्यात मामाची जमीनही सापडली. दारू घर कसे मोडते आणि कर्ज जमीन कशी गिळते, हे दोन्ही धडे त्याला ऐन उमेदीच्या वयात घरातच मिळाले. पुढील आयुष्यात त्यांच्या कीर्तनांतून या दोन शत्रूंवर अखंड प्रहार होत राहिले, त्याचे मूळ येथे आहे.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजींनी घर सोडले. अंगावर चिंध्यांची गोधडी, हाती काठी वा खराटा आणि अन्नासाठी फुटके गाडगे, एवढाच त्यांचा प्रपंच उरला. त्या गाडग्यावरूनच लोकांनी त्यांना नाव दिले. स्वतःहून बेघर झालेला हा माणूस पुढे इतरांच्या निवाऱ्यासाठी झटला, ही त्यांच्या चरित्रातील विलक्षण विसंगती आहे. आणि त्यांच्या शब्दाला जे वजन आले, तेही यामुळेच.

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन येथे पौष महिन्यातील रविवारी यात्रा भरते. तेथे चिखलातून चढउतार करताना यात्रेकरूंचे, विशेषतः म्हाताऱ्याकोताऱ्यांचे, फार हाल होत. बाबांनी प्रथम स्वतः फावडे घेतले. लोक पाहत राहिले, मग एकेक जण हात लावू लागला. १९०८ च्या सुमारास लोकवर्गणीतून तेथे घाट उभा राहिला. पुढील सर्व कार्याची पद्धत या घाटावर ठरली. आधी स्वतः काम करावयाचे, मग कीर्तनातून लोकांना त्यांच्या कर्तव्याची जाणीव करून द्यावयाची आणि त्यांच्याच श्रमातून व पैशातून वास्तू उभी करून ती त्यांच्याच स्वाधीन करावयाची.

ही पद्धत घेऊन ते पंढरपूरला आले. वारीच्या दिवसांत हजारो गोरगरीब वारकरी तेथे वाळवंटात आणि रस्त्याच्या कडेला उघड्यावर पडत. ज्यांना अस्पृश्य मानले जाई, त्यांना तर पैसे मोजूनही कोणी ओसरी देत नसे. बाबांनी पंढरपुरात मराठा धर्मशाळा उभारली, तशीच अस्पृश्यांसाठी चोखामेळा धर्मशाळाही उभारली. नाशिक, आळंदी, देहू येथेही धर्मशाळा झाल्या. या बांधकामांना सधन व्यापाऱ्यांनी मोठ्या देणग्या दिल्या, तसा शेतकऱ्यांनी आणि मजुरांनी पैपैसाही दिला. ज्याने एक आणा दिला असेल, त्यालाही त्या भिंतीत आपली एक वीट आहे असे वाटे. धर्मशाळेची राखण करणारी खरी शक्ती ही भावना होती.

मुंबईत त्यांनी आणखी एक बेघर वर्ग पाहिला. दूरच्या खेड्यातून आजारी माणसाला घेऊन आलेले नातेवाईक जे. जे. रुग्णालयाच्या आवारात आणि पदपथावर दिवस काढीत. रोग्याला खाट मिळे, पण त्याची शुश्रूषा करणाऱ्या आईला वा पत्नीला पाठ टेकावयाला जागा नसे. त्यांच्यासाठी रुग्णालयाजवळ धर्मशाळा झाली. बाबांच्या निर्वाणानंतर दादर येथे कर्करुग्ण व त्यांचे नातलग यांच्यासाठी त्यांच्या नावाची धर्मशाळा चालू झाली, ती याच विचाराचा विस्तार होय.

इतक्या वास्तू उभ्या केल्या, पण स्वतः बाबा त्यांत राहिले नाहीत. १९२३ साली एकुलता एक मुलगा गोविंदा मरण पावला, तरी कीर्तन थांबले नाही. पत्नी कुंताबाईंना त्यांनी झोपडीतच ठेवले आणि संस्थांवर नातलगांचा हक्क चालू दिला नाही. हा निग्रह घरच्यांवर कठोर होता, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र त्यामुळेच देणाऱ्याच्या मनात संशयाला जागा उरली नाही. १९४९ साली चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला शिक्षणकार्यासाठी देऊन टाकली. १९५६ च्या ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले आणि चौदा दिवसांनी, २० डिसेंबर रोजी, अमरावतीच्या वाटेवर वलगावनजीक बाबांनी प्रवासातच देह ठेवला. अखेरचा श्वासही त्यांनी घरात घेतला नाही.

धर्मशाळा म्हणजे घर नव्हे, हे खरे. ती भूमिहीनाला जमीन देत नाही, की मजुराला भाड्याची खोली मिळवून देत नाही. कायम घराचा प्रश्न जमीन, मजुरी आणि शासनाचे धोरण यांच्याशी निगडित आहे व तो धर्मशाळांनी सुटणार नाही. पण शासन एकट्याने तरी तो सोडवू शकते काय? २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७० हजार माणसे बेघर आढळली. शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक रात्रनिवारा असावा, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० मधील आदेशांनंतर रूढ झाला. दंडक कागदावर आहे, निधीची तरतूदही होते. पण निवारा आपल्या गल्लीत मात्र नको, असे म्हणणारे हात पुढे आले की इमारत अडते. उभी राहिली तरी ती कोणाचीच नसते आणि तिची दुरवस्था व्हायला वेळ लागत नाही. महानगरांतील मोठ्या रुग्णालयांबाहेरचे पदपथ अद्याप रिकामे झालेले नाहीत.

बाबांनी नेमका हा विरोध आधी जिंकला होता. विटा रचण्यापूर्वी त्यांनी माणसांची मने तयार केली आणि गावाने झिडकारलेल्या माणसाची लाज गावाला वाटावयास लावली. त्यांच्या जयंतीला रस्ता झाडणे सोपे आहे. त्याच रस्त्यावर रात्री झोपणाऱ्या माणसाची सोय आपल्या वस्तीत करण्यास संमती देणे अवघड आहे. त्यांच्या स्मृतीचा खरा कस या दुसऱ्या गोष्टीत लागणार आहे.