रेव्हरंड टिळक आणि ख्रिस्ती मंडळीतील ऐक्याचा प्रश्न

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचे चरित्र बहुधा धर्मांतराच्या घटनेभोवती रचले जाते; परंतु त्यांची खरी कसोटी बाप्तिस्म्यानंतर सुरू झाली. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी चित्पावन कुटुंबात जन्मलेले टिळक १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती झाले आणि अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथे स्थिरावले. नेवासे-शेवगाव पट्ट्यासह या जिल्ह्यातील ग्रामीण मंडळ्यांत महार व मांग समाजांतून आलेल्यांचा भरणा मोठा होता. ज्या स्पर्शाचा विटाळ मानण्याच्या संस्कारात टिळक वाढले, त्याच समाजांच्या पंक्तीला बसणे हा आता त्यांच्या श्रद्धेचाच भाग झाला. पत्नी लक्ष्मीबाईंना सोवळे सोडण्यास काही वर्षे लागली. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

दुसरी दरी गोरे मिशनरी व एतद्देशीय सेवक यांच्यामधील होती. अधिकार व द्रव्य परक्यांच्या हाती असताना बंधुत्व अपुरेच राहते, याची जाणीव टिळकांना उत्तरोत्तर तीव्रतेने होत गेली. अभंग, भजन व कीर्तन यांच्याद्वारे त्यांनी ख्रिस्तभक्तीला मराठी वळण दिले. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. तेथे बाप्तिस्मा घेतलेल्यांना व न घेतलेल्यांनाही प्रवेश होता. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक निवर्तले. त्यांच्या पश्चात दरबार फार काळ टिकला नाही. मात्र त्यांची पदे निरनिराळ्या पंथांच्या मराठी मंडळ्यांत आजही एकत्र गायिली जातात.