धनंजयराव गाडगीळ : सगळ्या पक्षांनी मान्य केलेलं सूत्र आणि त्याची मर्यादा

देवळाली प्रवरा (ता. राहुरी) : प्रवरा पट्ट्यात सहकाराचा विषय निघाला की पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटलांचं नाव पहिलं येतं. त्यांच्यासोबत उभे राहिलेले अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ आज नव्या पिढीला फारसे माहीत नाहीत. याच माणसाने पुढे दिल्लीत एकमेकांच्या विरोधातल्या पक्षांना एका कागदावर आणलं होतं.

गाडगीळांचा जन्म १० एप्रिल १९०१ चा, नाशिकचा. केंब्रिजला शिकून ते परत आले आणि १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली तेव्हा तिचे पहिले संचालक झाले. आपल्या भागाशी त्यांचं नातं पाण्यामुळे जुळलं. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांमुळे शेतकऱ्याला काय फायदा झाला, याची गावोगाव पाहणी त्यांच्या संस्थेने केली. पुढे लोणीला शेतकऱ्यांचा स्वतःचा साखर कारखाना उभा करायचं ठरलं, तेव्हा विखे पाटलांनी गाडगीळांना सोबत घेतलं. ते कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९५०-५१ च्या हंगामात पहिलं गाळप झालं.

१९६७ मध्ये ते केंद्रीय नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. त्याच वर्षीच्या निवडणुकीत अनेक राज्यांतून काँग्रेसची सत्ता गेली होती. मद्रासला द्रमुक, केरळात कम्युनिस्टांची आघाडी, बऱ्याच ठिकाणी मिसळीची सरकारं. तोवर राज्यांच्या योजनांना केंद्राचा पैसा किती मिळणार, हे बरंचसं दिल्लीच्या मर्जीवर असायचं. विरोधी सरकारांना ते चालणार नव्हतं. पैसा ठराविक नियमानेच वाटा, अशी मागणी जोरात आली.

गाडगीळांनी मग सूत्र मांडलं. आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर यांची गरज आधी बाजूला काढायची. उरलेल्या प्रत्येक १०० रुपयांतले ६० रुपये लोकसंख्येवर वाटायचे. १० रुपये देशाच्या सरासरीपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या राज्यांना, १० रुपये कर वसुलीच्या प्रयत्नावर, १० रुपये चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे व वीज प्रकल्पांना आणि १० रुपये राज्याच्या खास अडचणींसाठी. १९६९ च्या चौथ्या योजनेपासून हे लागू झालं. मुख्यमंत्री कोणत्या पक्षाचा, हे आता हिशोबात येत नव्हतं. ही गोष्ट मोठी होती.

पण सगळ्यांचं मन राखायचं तर कुणाचंच पूर्ण समाधान होत नाही. गरीब राज्यांना गरिबीसाठी शंभरातले दहाच रुपये मिळाले. जास्त मागितले असते तर बाकीची राज्यं तयार झाली नसती. धरणं-प्रकल्प आधीच सुरू असलेल्या राज्यांचा वाटा फुगतो, अशीही तक्रार आली. शेवटी १९८० मध्ये प्रकल्पांचा तो हिस्सा काढला आणि उत्पन्नाचा हिस्सा २० केला.

खरी मेख वेगळीच होती. मिळणाऱ्या मदतीतला ७० टक्के भाग कर्ज होता आणि ३० टक्के अनुदान, म्हणजे राज्यं कर्जातच राहिली. शिवाय हा नियम सूत्रात आलेल्या पैशापुरताच होता. केंद्र पुरस्कृत योजनांचा पैसा त्याच्या बाहेर होता. त्या योजना मर्यादित ठेवायच्या असं ठरलं, तरी पुढे त्या वाढतच गेल्या. कालव्याच्या आवर्तनाचं गणित टेलच्या शेतकऱ्याला चांगलं कळतं. पाळी कितीही चोख ठरवा, ती चारीत येणाऱ्या पाण्याचीच असते. वरच्या वर उचललं जाणारं पाणी पाळीत मोजलंच जात नाही.

१९७१ च्या निवडणुकीत इंदिरा गांधींना मोठं बहुमत मिळालं. त्यानंतर गाडगीळांनी आयोग सोडला. पुण्याला परत येताना ३ मे १९७१ रोजी रेल्वेतच त्यांचं निधन झालं.

त्यांचं सूत्र बदलत बदलत पुढे कित्येक वर्षं चाललं. विरोधक एकत्र बसून नियम ठरवू शकतात, हे त्याने दाखवलं. मात्र ज्या पैशावर सत्तेला हात सैल ठेवायचा असतो, तो पैसा तडजोडीच्या कागदावर येतच नाही, हेही त्यातूनच कळलं. म्हणून कुठल्याही सर्वपक्षीय ठरावात काय लिहिलंय याच्या आधी काय वगळलंय ते बघावं. गावच्या ठरावालाही हेच लागू आहे.