कॉर्बेटचा दुसरा नेम

जिम कॉर्बेट म्हटलं, की आपल्यासमोर उभा राहतो तो डोक्याला हॅट, हातात रायफल आणि पायाशी निपचित पडलेला नरभक्षक वाघ असा शिकारी. पण याच माणसानं आयुष्यातली दहा वर्षं वाघामागं कॅमेरा घेऊन घालवली आणि ते काम त्याला बंदुकीपेक्षा जड गेलं, हे फारसं कुणी सांगत नाही. आता तळहातावर मावणारा कॅमेरा बाल्कनीतल्या कुंडीजवळ अडकवायचा आणि बुलबुलाचा संसार घरात बसून फोनवर पाहायचा, अशी सोय झाली आहे. ही सोय पाहिली की मला कॉर्बेटचा तो दुसरा नेम आठवतो.

कॉर्बेटचा जन्म २५ जुलै १८७५चा, नैनितालचा. वडील तिथले पोस्टमास्तर. १८८१ साली ते गेले आणि लेकरांचं भलंमोठं खटलं आईच्या पदरात पडलं. उन्हाळा नैनितालला आणि हिवाळा डोंगराच्या पायथ्याशी कालाढुंगीला, असा त्या कुटुंबाचा रिवाज होता. कालाढुंगीला जंगल अगदी अंगणाला येऊन भिडलेलं. ही त्याची खरी शाळा.

या शाळेत तो पहिल्यांदा शिकला ते पक्षी. त्यानं त्यांची स्वतःच्या डोक्यानं वर्गवारी केली होती. निसर्गाच्या बागेची शोभा वाढवणारे हळद्या आणि सूर्यपक्षी एका गटात, गाणारे दुसऱ्या, फळं खाऊन बिया पसरवणारे बुलबुल आणि धनेश तिसऱ्या. रानकोंबडा, कोतवाल, सातभाई हे धोक्याची वर्दी देणारे. शिवाय समतोल राखणारे गरुड-घुबडं आणि सफाई करणारी गिधाडं. पुस्तकी शास्त्राला हे मान्य होवो न होवो, पण कोण काय काम करतो हे त्या पोराला कळलं होतं. अर्थात, त्या काळच्या रीतीप्रमाणं पक्षी पाहणं म्हणजे पक्षी टिपणंच होतं. कुमाऊंच्या पक्ष्यांवर पुस्तक लिहीत असलेल्या एका वडीलधाऱ्यानं त्याला जुनीपुराणी ठासणीची बंदूक दिली, ती पक्ष्यांचे नमुने आणून देण्याच्या बोलीवर.

पुढं पोटापाण्यासाठी त्यानं रेल्वेत नोकरी धरली. गंगाकाठच्या मोकामा घाटावर एका गाडीतून दुसरीत माल चढवण्या-उतरवण्याचं कंत्राट त्यानं वीसेक वर्षं सांभाळलं. दरम्यान १९०७ साली चंपावतची वाघीण त्याच्या हातून मेली. तिच्या नावावर ४३६ बळी होते. या कामगिरीवर निघताना त्यानं घातलेल्या अटी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. वाघिणीवरचं इनाम रद्द करा आणि बाकीचे शिकारी जंगलातून परत बोलवा! १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा बिबट्या त्यानं मारला, तर १९३८ मध्ये, वयाच्या ६३व्या वर्षी, ठाकची वाघीण. ती शेवटची.

मी कॉर्बेट पुन्हा पुन्हा वाचतो तो गोळी सुटण्याच्या क्षणासाठी नव्हे, तर त्याआधीच्या पानांसाठी. वानराचा खाकरा, सांबराची हाळी, मध्येच थांबलेलं पाखरांचं गाणं. या आवाजांवरून न दिसणारा वाघ कुठून कुठं चालला आहे, हे तो सांगायचा.

१९२५ साली फ्रेडरिक चॅम्पियन या वनाधिकाऱ्यानं रात्रीच्या वाघाची छायाचित्रं प्रसिद्ध करून खळबळ उडवली. वाटेवर आडवी तार, वाघाचा तिला धक्का लागला की लख्ख उजेड आणि फोटो. म्हणजे वाघानं स्वतःच काढलेला स्वतःचा फोटो! चॅम्पियनच्या कामानं कॉर्बेट भारावला. पुढं त्याच्या हाती १६ मिलिमीटरचा सिने-कॅमेरा आला आणि त्याला जित्याजागत्या, चालत्याफिरत्या वाघाचं चित्रण करायचा ध्यास लागला.

आणि इथं हा नेमबाज अडला. बंदुकीला एक क्षण पुरतो, कॅमेऱ्याला वाघ निवांत वावरताना हवा. त्याला भरपूर उजेड लागतो आणि वाघ हिंडतो काळोखात. शिवाय कॅमेरा चालू झाला की त्याची घरघर वाघाच्या कानी जाई आणि वाघ दिसेनासा होई. कादंबऱ्या लिहिताना मीही हेच शिकलो. लेखकाची चाहूल लागली की पात्र अवघडतं, खोटं वागू लागतं.

अखेर कॉर्बेटनं तोडगा काढला तो एखाद्या पोरानं पावसाच्या पाण्यात खेळ मांडावा तसा. जंगलातला एक ओढा निवडून त्यानं त्यात छोटे छोटे बांध घातले. बांधावरून पडणाऱ्या पाण्याचा खळखळाट असा बेतला, की कॅमेऱ्याची घरघर त्यात बुडून जावी. मग तासन् तास दबा धरून बसायचं. महिन्यांमागून महिने गेले आणि दहा वर्षांच्या खटपटीनंतर एका हिवाळ्यात सात वाघ त्याच्या चित्रफितीत उतरले. वाघांना पत्ताही नव्हता.

१९४४ साली त्याचं कुमाऊंच्या नरभक्षकांवरचं पुस्तक ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं मुंबईतून काढलं. त्याचं मानधन त्यानं युद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी दिलं. जन्मभर डोळ्यांवर जगलेल्या माणसाचं हे दान मला फार अर्थपूर्ण वाटतं. १९४७ मध्ये बहीण मॅगीसह तो केनियाला गेला आणि १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी इथं वारला. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या ज्या अभयारण्यासाठी तो झटला, त्याला त्याच्या मृत्यूनंतर त्याचं नाव मिळालं.

चॅम्पियनची तार आता गेली. तिच्या जागी हालचाल आणि ऊब ओळखून आपसूक चालणारे कॅमेरे आले. २०१८च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी ते लावले होते. त्यांनी सुमारे तीन कोटी ४८ लाख छायाचित्रं टिपली. एका वाघाचे पट्टे दुसऱ्यासारखे नसतात, या आधारावर मोजदाद होते.

हेच तंत्र आता आपल्या बागेत आलं आहे. कॅमेऱ्याची घरघर गेली, पण आपली घाई मात्र गेलेली नाही. चित्र स्वच्छ यावं म्हणून घरट्यापुढची दोन पानं खुडली, की तेवढ्याच फटीतून कावळ्यालाही पिल्लं दिसतात. कॅमेरा फार जवळ नेला, तर बुजलेली पाखरं घरटं सोडूनही जातात. म्हणून घरच्या मुलांना कॅमेरा घेऊन देताना त्या ओढ्यावरच्या बांधांची गोष्टही जरूर सांगावी. फांदी न हलवता कॅमेरा लांब ठेवावा, पाणी पिण्याच्या थाळीकडं रोखावा आणि मग वाट पाहावी. ज्याचा नेम कुमाऊंत वाखाणला जाई, त्यालासुद्धा दहा वर्षं थांबावं लागलं होतं.